जुन्या माउंटन बाइकची झीज आणि डगमग

पडवीत कित्येक महिने भिंतीला टेकून असलेली गिअरची जुनी सायकल एखाद्या सुट्टीच्या सकाळी बाहेर काढली जाते. धूळ पुसली जाते, चाकांत हवा भरली जाते आणि स्वारी निघते. पहिल्याच चढावर, पेडलवर उभे राहून जोर देताच, 'कट्' असा आवाज होतो, पाय एकदम पुढे निसटतो आणि गुडघा हँडलवर आदळतो. उतरून पाहावे तो साखळी जागच्या जागी आहे. मागचे चाक उचलून फिरविले तर दातेरी चक्रांचा संच डावीउजवीकडे डुलताना दिसतो. मग घरात एकच निदान होते : 'सायकल म्हातारी झाली.' दुरुस्तीच्या दुकानातही पुष्कळदा तसेच ठोक उत्तर मिळते. साखळी बदला, मागची चक्रे बदला, पुढची बदला, मधला आसही बदला! या सर्वांची बेरीज जुन्या सायकलीच्या किमतीपुढे जाते, आणि अजून वीस वर्षे टिकेल अशी पोलादी चौकट भंगाराच्या वजनाने विकली जाते.

वस्तुतः झीज आणि डगमग या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. त्या एकाच वेळी दिसल्या म्हणून त्यांचे कारण एकच असते असे नव्हे. जो पाय निसटला तो साखळीच्या झिजेमुळे निसटला असेल, आणि जे चक्र डुलते ते नवे असतानाही तितकेच डुलत असेल. या दोहोंची गल्लत झाली की दोष एका भागात आणि खर्च दुसऱ्या भागावर अशी अवस्था होते. सुदैवाने सायकल हे उघडे यंत्र आहे. त्याचे सारे अवयव डोळ्यांसमोर फिरतात, आणि प्रत्येक अवयव आपली तक्रार ठराविक अंतराने पुन्हा पुन्हा सांगतो. ते अंतर मोजता आले की निम्मे निदान झाले.

जन्मकथेतच झिजेची कथा

जिला आपण माउंटन बाइक म्हणतो तिचा जन्म अमेरिकेत, कॅलिफोर्निया प्रांतातील मरिन परगण्यात झाला. तेथील काही तरुण १९३० व १९४० च्या दशकांतील जाड टायरांच्या जुन्या सायकली घेऊन टेकडीवरच्या मातीच्या वाटेने भरधाव खाली उतरत असत. २१ ऑक्टोबर १९७६ रोजी त्यांनी या उताराची पहिली शर्यत लावली. त्या सायकलींचा ब्रेक मागच्या चाकाच्या हबमध्ये असे आणि पेडल उलटे दाबले की तो लागे. एका उतारातच हब इतका तापे की आतील ग्रीज जळून धूर निघे, आणि पुन्हा नवे ग्रीज भरल्याखेरीज सायकल चालविता येत नसे. पुन्हा भरणे या अर्थाच्या इंग्रजी शब्दावरून त्या वाटेचे नावच 'रिपॅक' पडले. १९७७ साली जो ब्रीझ याने खास या कामासाठी नवी चौकट बांधली, आणि १९८१ साली 'स्टम्पजम्पर' ही सायकल कारखान्यात मोठ्या प्रमाणावर तयार होऊन बाजारात आली. तेथून ही जात जगभर पसरली.

ही कथा येथे सांगण्याचे कारण असे की, या सायकलीचा स्वभावच झिजण्याचा आहे. आपल्याकडील जुनी काळी सायकल घ्या. तिला पुढे एक चक्र, मागे एक चक्र. साखळी सरळ रेषेत धावणारी आणि बहुधा पत्र्याच्या आवरणात झाकलेली. वर्षानुवर्षे तिच्याकडे कोणी पाहिले नाही तरी ती चालत राहते. जुन्या माउंटन बाइकला बहुधा पुढे तीन आणि मागे सहा, सात किंवा आठ चक्रे असतात. साखळी एका चक्रावरून दुसऱ्या चक्रावर ढकलण्यासाठी डिरेलर नावाची स्प्रिंगची योजना असते. साखळी तिरपी चालते, उघडी असते आणि चिखलातून जाते. चिखलातील बारीक वाळू तेलात मिसळली की तिची जणू काय पॉलिश करण्याची भुकटी होते, आणि ही भुकटी प्रत्येक सांध्यात रात्रंदिवस काम करते.

साखळी 'ताणली' म्हणजे काय?

झिजेचा विचार साखळीपासून सुरू करावा, कारण बहुतेक वेळा ती प्रथम झिजते आणि मग इतरांना झिजविते. मँचेस्टर येथे कारखाना काढणाऱ्या हान्स रेनॉल्ड या मूळच्या स्विस यंत्रज्ञाने १८८० साली ज्या साखळीचे पेटंट घेतले, तिचेच तत्त्व आजही चालू आहे. बाहेरच्या दोन पट्ट्या, आतल्या दोन पट्ट्या, त्यांना जोडणारी पिन आणि दातांवर बसणारा छोटा फिरता रूळ. एका पिनेपासून दुसऱ्या पिनेपर्यंतचे अंतर अर्धा इंच, म्हणजे १२.७ मिलिमीटर. हे माप सायकलीच्या जगात जवळजवळ सर्वत्र सारखे आहे.

दुकानात म्हणतात, 'चेन ताणली आहे.' शब्द रूढ आहे, पण त्याने गैरसमज होतो. पायाच्या जोराने पोलादाच्या पट्ट्या रबरासारख्या लांबत नाहीत. पिन आणि तिच्याभोवतीचे छिद्र घासले जाते, प्रत्येक सांधा किंचित ढिला होतो आणि अशा शंभराहून अधिक सांध्यांची ढिलाई मिळून साखळी लांब झालेली दिसते. म्हणूनच बाहेरून चकाकणारी साखळी आतून पार झिजलेली असू शकते, आणि वरून काळी, मळकट दिसणारी साखळी अजून कामाची असू शकते. येथे नजरेवर विसंबू नये, मोजावे.

मोजण्यास महागडे हत्यार लागत नाही. सुताराचा टेप किंवा लांब पोलादी पट्टी पुरे. साखळीचा वरचा भाग ताणलेला राहील इतपत पेडलवर हात ठेवावा. पट्टीचे टोक बहुधा झिजलेले असते, म्हणून शून्यापासून न मोजता १ इंचाच्या खुणेवर एका पिनेचा मध्य आणावा आणि तेथून पुढची चोविसावी पिन पाहावी. साखळी नवी असेल तर तिचा मध्य बरोबर १३ इंचांवर, म्हणजे १२ इंच अंतरावर येईल. पिन या खुणेच्या पुढे एक-षोडशांश इंच गेली असेल तर साखळी सुमारे अर्ध्या टक्क्याने वाढली असे समजावे. ती बदलण्याची हीच योग्य वेळ. पिन एक-अष्टमांश इंच पुढे गेली असेल तर वाढ एक टक्क्याच्या घरात गेली, आणि मग मागची चक्रेही बहुधा तिच्याबरोबर झिजली असे गृहीत धरावे.

एक-षोडशांश इंच ऐकून हसू येईल. चोवीस सांध्यांत ही वाढ वाटली तर प्रत्येकाच्या वाट्याला मिलिमीटरचा सुमारे पंधरावा हिस्सा येतो. पण ११२ कड्यांच्या साखळीत त्याचीच बेरीज साडेसात मिलिमीटरांच्या आसपास होते, आणि तेवढ्यावर महाग चक्रांचे आयुष्य अवलंबून असते.

नवी साखळी घसरते, जुनी घसरत नाही!

दाते अर्ध्या इंचाच्या अंतराने कापलेले असतात. साखळीचे अंतर त्याहून वाढले की तिचे रूळ दातांच्या तळाशी नीट बसत नाहीत. ते दाताच्या पाठीवर वर चढून बसतात, आणि जो भार अनेक दातांनी वाटून घ्यावयाचा तो थोड्या दातांवर पडतो. दाते झिजून साखळीच्या नव्या, चुकीच्या मापाला अनुरूप होतात. थोडक्यात, बिघडलेली साखळी आणि बिघडलेले चक्र यांची आपसांत जमते.

येथूनच अनेकांना पडणारे कोडे सुटते. जुनी साखळी घसरत नव्हती. शहाणपणाने ती बदलली, नवी घातली, आणि त्याच दिवसापासून पाय निसटू लागले! दुकानदाराने निकृष्ट साखळी दिली असा संशय येतो. साखळी बहुधा निर्दोष असते. तिचे अंतर अचूक अर्धा इंच आहे आणि दातांमधील घळी लांबलेल्या आहेत. म्हणून रूळ तळाशी न जाता दाताच्या टोकाशी अडकतो आणि जोर येताच उडी मारतो. हे घसरणे सगळ्या चक्रांवर सारखे नसते. स्वार ज्या दोन-तीन चक्रांवर रोज चालतो त्यांवर ते प्रकर्षाने होते. जे चक्र क्वचित वापरले गेले त्यावर तीच साखळी मुकाट चालते. असे दिसले तर दोष चक्रांचा असे खुशाल समजावे. लहान चक्रे लवकर जातात हेही स्वाभाविक आहे. अकरा दातांच्या चक्रावर प्रत्येक दाताला जेवढे काम पडते, तेवढे अठ्ठावीस दातांच्या चक्रावर पडत नाही.

दातांकडे पाहून निदान करावयाचे तर एक सावधगिरी हवी. १९८९ साली शिमानो या जपानी कंपनीने 'हायपरग्लाइड' पद्धतीची चक्रे आणली. साखळी सहज चढावी-उतरावी म्हणून त्यांतील काही दाते मुद्दाम आखूड, तिरपे किंवा एका अंगाने कापलेले असतात. पुढे इतरांनीही तशीच योजना केली. असा दाता पाहून अनभिज्ञ माणूस 'मोडला' म्हणतो. झिजेची खूण वेगळी आहे. जेथे साखळीचा भार पडतो तीच बाजू खोल गेलेली, दाता एका दिशेला वाकल्यासारखा आणि शार्क माशाच्या पंखासारखा टोकदार झालेला दिसतो.

पुढच्या तीन चक्रांपैकी मधले बहुधा आधी झिजते, कारण वापर त्याचाच अधिक. ते पुष्कळदा ॲल्युमिनियमचे असते. पुढच्या चक्राच्या झिजेचे लक्षणही निराळे आहे. दात आकड्यासारखे वळले की ते खालच्या बाजूला साखळीला सोडीत नाहीत. साखळी दातांना चिकटून वर ओढली जाते आणि चक्र व चौकट यांच्यामध्ये अडकून बसते. चिखलात आणि सर्वांत लहान चक्रावर हे अधिक घडते. चौकटीच्या उजव्या आडव्या नळीवर, चक्राजवळ, खोल ओरखडे दिसले तर पूर्वी असे झाले आहे हे ओळखावे. ओबडधोबड परीक्षा करावयाची तर साखळी पुढच्या मोठ्या चक्रावर ठेवून, चक्राच्या अगदी समोरच्या बिंदूशी ती चिमटीत धरून पुढे ओढावी. दाताचा बराचसा भाग उघडा पडला तर साखळी किंवा चक्र, अथवा दोन्ही, झिजली आहेत.

किती वेळाने पुन्हा येते?

पाय निसटणे किंवा खटका बसणे याची कारणे मात्र झिजेखेरीजही आहेत. ती वेगळी काढण्यासाठी मोजणीचा उपयोग होतो. समजा, पुढे ३२ दातांचे चक्र आहे, मागे १६ दातांचे आणि साखळी ११२ कड्यांची. पेडलच्या एका फेऱ्यात साखळीच्या ३२ कड्या सरकतात. म्हणजे साखळीची तीच कडी पुन्हा त्याच जागी येण्यास पेडलचे साडेतीन फेरे लागतात. मागचे चाक तेवढ्यात सात वेळा फिरते.

आता खटका जर पेडलच्या प्रत्येक फेऱ्याला, पाय ठराविक ठिकाणी असताना येत असेल, तर तो पेडल, क्रँक, पुढचे चक्र किंवा मधला आस यांपैकी कोठेतरी आहे. तो जर साडेतीन फेऱ्यांनी येत असेल, तर साखळीची एखादी कडी आखडली आहे. सायकल उभी करून पेडल हळू उलटे फिरवावे. आखडलेली कडी डिरेलरच्या छोट्या चाकांवरून जाताना सरळ न होता कोपर काढून उभी राहते. हा दोष बहुधा जेथे साखळी जोडली असेल त्याच जागी असतो. पिन दाबताना पट्ट्या एकमेकींवर घट्ट बसलेल्या असतात. त्या बोटांनी आडव्या हलवून मोकळ्या केल्या की काम होते. त्यासाठी नवी साखळी घेण्याचे कारण नाही.

खटका नियमित नसेल, साखळी सारखी शेजारच्या चक्राकडे ओढ घेऊन करकरत असेल, तर गिअरच्या तारेचा ताण चुकला आहे. तार जेथे डिरेलरमध्ये शिरते तेथील फिरकी अर्धा अर्धा फेरा फिरवून पाहावी. एका टोकाच्या चक्रांवर गिअर बरोबर लागतो आणि दुसऱ्या टोकाला चुकतो असे असेल, तर डिरेलर ज्या पट्टीला टांगलेला असतो ती वाकली असण्याचा संभव मोठा. सायकल उजव्या कुशीवर पडली की प्रथम तीच वाकते. मागून पाहिले असता डिरेलरचा पिंजरा चक्रांशी समांतर दिसला पाहिजे. पोलादी चौकटीची पट्टी जाणकार कारागीर सरळ करू शकतो. ॲल्युमिनियमच्या चौकटीला बहुधा सुटी पट्टी असते आणि ती बदलावी लागते.

आणि पाय जर सर्वच गिअरमध्ये निसटत असतील, दातांवर साखळी न हलता जणू पेडललाच आधार उरला नाही असे वाटत असेल, तर फ्रीव्हीलच्या आतील खिट्ट्या, ज्यांना दुकानात 'कुत्री' म्हणतात, त्या पकड घेत नाहीत. आतील वंगण घट्ट झाल्यानेही असे होते. अशी सायकल रहदारीत नेऊ नये. ऐन चढावर, मागे मोटार असताना, उभ्या स्वाराचा आधार सुटणे हा पैशांचा प्रश्न नव्हे, तो जिवाचा प्रश्न आहे.

डगमगीचे मूळ

आता डगमगीकडे वळू. पुढचे चक्र फिरताना डुलते काय हे पाहण्यास सायकलीवरच एक स्थिर खूण असते. पुढच्या डिरेलरच्या पिंजऱ्याची कड. पेडल सावकाश फिरवावे आणि कड व चक्र यांतील फट पाहावी. तिन्हींपैकी एकच चक्र डुलत असेल तर ते स्वतः वाकले आहे किंवा त्याचे बोल्ट ढिले आहेत. बोल्ट आधी आवळून पाहावेत. तिन्ही चक्रे एकदम, एकाच जागी डुलत असतील तर दोष त्यांना धरणाऱ्या क्रँकमध्ये किंवा मधल्या आसात आहे.

या दोहोंतील भेद जुन्या चौकोनी आसावर सहज कळतो. वाकड्या जागेवर खडूची खूण करावी, उजवी क्रँक काढून पाव फेरा वळवून पुन्हा आसावर बसवावी आणि पाहावे. डुलण्याची जागा खडूच्या खुणेबरोबरच राहिली तर क्रँक वाकली आहे. ती खुणेपासून पाव फेरा सरकली तर आस वाकला आहे.

त्याआधी ढिलाई तपासणे अगत्याचे. साखळी चक्रावरून उतरवून ठेवावी आणि दोन्ही क्रँक हातांत धरून चौकटीकडे व बाहेर अशा हलवून पाहाव्यात. दोन्ही बाजू एकदम हलल्या तर आसाचे बेअरिंग ढिले आहे किंवा झिजले आहे. जुन्या पद्धतीत कपात सुटे छर्रे असतात. ते धुऊन, ग्रीज भरून, कप नीट आवळून बहुधा काम भागते. पुढील काळातील बंद बेअरिंग मात्र सबंध बदलावे लागते. एकच क्रँक हलत असेल तर ती आसावर ढिली बसली आहे, आणि येथे क्षणाचाही विलंब करू नये. पोलादी आसाचे चौकोनी टोक ॲल्युमिनियमच्या क्रँकला आतून कुरतडते. एकदा चौकोन गोलसर झाला की कितीही आवळले तरी ती क्रँक पुन्हा टिकत नाही. दोन मिनिटांच्या आवळण्याने जे वाचले असते ते अशा रीतीने चार मैलांत वाया जाते.

जे डुलते ते सारेच बिघडलेले नाही

प्रारंभी ज्या डुलणाऱ्या मागच्या चक्रांचा उल्लेख केला, त्यांची गोष्ट येथे सांगितली पाहिजे, कारण भीती त्यांचीच अधिक वाटते आणि धोका बहुधा त्यांचाच सर्वांत कमी असतो. पेडल थांबवून चाक नुसते फिरू दिले की फ्रीव्हीलचा आतला भाग चाकाबरोबर फिरतो आणि चक्रांसह बाहेरचा भाग स्थिर राहतो. या दोन भागांचे मध्य तंतोतंत एका रेषेत असतातच असे नाही. म्हणून पुष्कळ फ्रीव्हील, अगदी नवी असतानाही, पाय थांबविले की थोडी डुलतात. साखळी आडवी लवचीक असते, ती हे डुलणे सहज सोसते. गिअर नीट लागत असतील तर त्यासाठी पैसा खर्चू नये. मात्र चक्रांचा संच हाताने धरून हलविला असता मोठा खेळ लागत असेल, आणि तो महिन्यामहिन्याने वाढत असेल, तर आतील छर्रे गेले असे समजावे.

तसेच मागच्या डिरेलरमधील वरचे छोटे चाक. ते डावीउजवीकडे थोडे सरकते म्हणून अनेकजण ते झिजले असे मानतात. शिमानोच्या पुष्कळ डिरेलरमध्ये हा खेळ मुद्दाम ठेवलेला असतो, की साखळीने आपली रेषा आपणच शोधावी. खालच्या चाकाला तसा खेळ नसतो. दोन्हींची तुलना करूनच निर्णय घ्यावा.

चाकांच्या बाबतीतही असाच विवेक हवा. चाक उचलून फिरवावे आणि टायरकडे न पाहता ब्रेकचे रबर व रिम यांतील फटीकडे पाहावे. टायर वाकडा बसला असला तरी रिम सरळ असू शकते. प्रत्येक फेऱ्यात एकाच जागी रिम रबराकडे झुकत असेल तर आऱ्यांचा ताण बिघडला आहे, आणि कारागिराकडून चाकाचा 'आउट' काढून घेतला की भागते. रिम फिरताना सरळ आहे, परंतु हाताने आडवी ढकलली की खटखट हलते, असे असेल तर आऱ्यांना हात लावू नये. दोष हबच्या बेअरिंगमध्ये आहे. तेथील कोन आवळताना एक गोष्ट पुष्कळ जण विसरतात. पटकन उघडण्याच्या दांडीचे चाक असेल, तर दांडी आवळल्यावर आस किंचित दाबला जातो. म्हणून दांडी सैल असताना तिळभर खेळ ठेवावा, की ती आवळल्यावर तो नाहीसा होतो. आधीच खेळ काढून टाकला तर आवळल्यावर छर्रे चिरडतात.

मागच्या आसाचा प्रश्न जुन्या सायकलीत विशेष महत्त्वाचा. आट्यांनी बसणाऱ्या जुन्या फ्रीव्हीलमध्ये उजवे बेअरिंग चक्रांच्या आतल्या अंगाला राहते. तेथून चौकटीच्या खाचेपर्यंत आस बराच अंतर निराधार असतो, आणि खडबडीत वाटेवर तो वाकतो, क्वचित मोडतोही. गंमत अशी की, आस आरपार पोकळ असून दांडीच्या सळईने दोन तुकडे एकत्र धरून ठेवले, तर स्वाराला मोडल्याचा पत्ताही लागत नाही; चाक एका अंगाला गेले, ब्रेकला घासू लागले, एवढेच जाणवते. चाक काढून आस बोटांनी फिरवावा. त्याचे टोक जागच्या जागी न फिरता लहानसे वर्तुळ काढू लागले तर तो वाकला आहे. १९७८ साली शिमानोने फ्रीव्हीलची यंत्रणा हबमध्येच घेतली आणि बेअरिंग बाहेरच्या टोकाकडे नेले, त्यामागचा मोठा लाभ हाच होता.

शेवटी हँडल. पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढेमागे ढकलावी. चिमट्याच्या मुळाशी टकटक लागली तर तेथील बेअरिंग ढिले आहे. आणि हँडल अगदी सरळ असताना खाचेत बसल्यासारखे अडत असेल तर कपात छर्‍यांचे खड्डे पडले आहेत. ते आवळण्याने जात नाहीत, कप बदलावे लागतात.

काय बदलावे आणि काय ठेवावे?

इतके झाल्यावर खर्चाचा निर्णय सोपा होतो. प्रथम जे ढिले आहे ते आवळावे; त्याला खर्च नाही आणि विलंब सर्वांत महाग पडतो तो तेथेच. नंतर जे वाकडे आहे ते सरळ करून घ्यावे. त्यानंतरच झिजेकडे वळावे. साखळीची वाढ एक-षोडशांश इंचाच्या आत असेल तर रॉकेलमध्ये धुऊन, पुरती वाळवून, प्रत्येक रुळावर तेलाचा एकेक थेंब द्यावा आणि वरचे तेल पुसून काढावे, कारण बाहेर राहिलेले तेल वाळूला आमंत्रण देते. वाढ या खुणेच्या थोडी पुढे गेली असेल तर फक्त साखळी बदलून पाहावी. वेळीच असे केले तर मागच्या एका संचावर दोन-तीन साखळ्या सहज निभावतात. वाढ एक-अष्टमांश इंच झाली असेल तर दोन मार्ग उरतात. चढ-उतारावर जोराने चालवावयाची असेल तर साखळी आणि मागची चक्रे एकदमच बदलावीत. पण सायकल सपाट रस्त्यावर बाजारहाटापुरती असेल आणि जुनी साखळी घसरत नसेल, तर तिला तशीच वापरून सर्व झिजलेले भाग एकत्रच शेवटास नेणे हीही अडाणी काटकसर नव्हे. फक्त मधेच नवी साखळी घालून अर्धवट सुधारणा करू नये. आणि पाय प्रथम निसटला त्याच दिवशी हा मार्ग सोडून द्यावा.

पडवीतल्या त्या सायकलीकडे आता पुन्हा पाहावे. तिचा पाय निसटत होता, चक्र डुलत होते. खडूचा तुकडा, टेप आणि अर्धा तास एवढ्यावर असे निष्पन्न होऊ शकते की डुलणारे फ्रीव्हील निर्दोष आहे, मधला आस धड आहे, चौकट तर उत्तमच आहे. आखडली होती ती साखळीची एक कडी. कदाचित तसे होणार नाही, साखळी व चक्रे दोन्ही गेलेली निघतील. पण मग दुकानाच्या पायरीवर उभा राहणारा मालक 'सायकल म्हातारी झाली' असे म्हणणार नाही. काय बदलावयाचे आणि काय बदलावयाचे नाही हे तो नेमके सांगेल, आणि चांगला कारागीर त्याचे ऐकून घेईल.